विजेची गाडी आणि त्याचे कान

आमच्या गाडीचं आयुष्य सरकारने ठरवलेलं होतं. सिंगापूरमध्ये गाडी रस्त्यावर ठेवायचा परवाना दहा वर्षांचा मिळतो. तो संपला की एक तर पुन्हा भरमसाट पैसे भरून वाढवून घ्यायचा, नाही तर गाडी मोडीत काढायची. गाडी कशी चालते हे कुणी विचारत नाही. आमची उत्तम चालत होती. परवाना संपायला काही महिने उरले तेव्हा मी जाहीर करून टाकलं की आता घ्यायची ती विजेवर चालणारी. नवरा म्हणाला, शक्य नाही. तिथून वाद सुरू झाला, आणि टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो चहा पिताना, जेवताना, वाळत घातलेले कपडे काढताना असा चालूच राहिला.

ऐकणाऱ्याला वाटलं असतं, ही दोघं बॅटरी आणि चार्जरवरून भांडतायत. आमचं भांडण होतं ते त्याच्या कानांवरून. त्याचे कान जात चालले होते. हे मला कळलं होतं, मला कळलंय हे त्याला कळलं होतं, आणि दोघांपैकी एकानेही त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मग उरला काय, तर गाडीचा विषय.

कान गेल्याने काय जाणार होतं ते आधी सांगते. माझा नवरा जहाजावरचा इंजिनिअर. उमेदीची वर्षं त्याने इंजिन रूममध्ये काढली, चीफ इंजिनिअर झाला, आणि मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा किनाऱ्यावरची नोकरी धरून आम्हाला घेऊन इथे आला. बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवर लाँचने जायचं, दोरीच्या शिडीने वर चढायचं आणि इंजिनं तपासायची, हे त्याचं काम. असं काम करणारे या शहरात पुष्कळ आहेत. त्याचं नाव झालं ते कानामुळे. एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता त्याच्याकडे. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे अर्धवट मिटून उभं राहायचं. मग तो सांगायचा, चौथ्या सिलिंडरचा पंप बघा, किंवा आतल्या अमक्या बेअरिंगचे दिवस भरलेत. उघडून पाहिलं की तसंच निघायचं. "त्याला बोलवा, तो ऐकेल," असं जहाजांच्या कंपन्यांमध्ये म्हणत. हे मला त्याच्या मित्रांनी सांगितलं, त्याने नाही. तो स्वतःबद्दल बोलणाऱ्यांतला नाही, हीच तर अडचण.

इंजिन रूममध्ये इतका गोंगाट असतो की कानांवर जाड मफ चढवल्याशिवाय आत जायचं नसतं. पण मफ घालून इंजिन ऐकू येत नाही. म्हणून तो एका बाजूचा मफ वर सरकवायचा, ऐकायचा, पुन्हा खाली घ्यायचा. सगळे जुने इंजिनिअर असंच करतात, आणि आपल्याला काही होत नाही असं सगळ्यांनाच वाटतं. ज्या कानांनी त्याला नाव मिळवून दिलं ते त्याने असे थोडे थोडे करून इंजिनांना देऊन टाकले. मला याचा अजूनही राग येतो. कुणावर काढायचा ते मात्र कळत नाही.

मला कळलं ते दसऱ्याला. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा असतेच, आणि आमच्या घरात तिला एक जोड होती. लिटिल इंडियातून झेंडूचे हार आणायचे, खाली बहुमजली कारपार्कमध्ये गाडी धुऊन पुसून बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढायचं, चाकांखाली लिंबं ठेवायची. इथवर सगळ्यांसारखं. त्यानंतर नवरा बॉनेट उघडायचा, मुलगी आत बसून इंजिन सुरू करायची, आणि तो स्क्रूड्रायव्हर लावून गाडी ऐकायचा. जहाजावर असतानाही तो दसऱ्याला मेन इंजिनाला हार घालून हेच करत असे. ऐकून झालं की निकाल सांगायचा आणि मग पेढे. त्या मिनिटभरात आम्ही कुणी बोलायचं नाही. लहानपणी मुलगी श्वाससुद्धा रोखून धरायची.

त्या वर्षी मुलीने इंजिन सुरू केलं आणि आतला पट्टा किंचाळायला लागला. लहानसहान आवाज नव्हता तो. कारपार्कच्या काँक्रीटमध्ये असा घुमला की मुलीने आत बसल्या बसल्या कानांवर हात ठेवले. पलीकडे आपल्या गाडीत तांदळाची पोती भरणारे चिनी शेजारी वळून बघायला लागले. नवरा मात्र स्क्रूड्रायव्हर लावून, डोळे मिटून उभा होता. चेहऱ्यावर समाधान. थोड्या वेळाने तो ताठ झाला आणि म्हणाला, "मस्त. एकदम तंदुरुस्त आहे."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. ते शेजारी जवळ आले आणि भल्या मनाने म्हणाले, "अंकल, युअर बेल्ट आह, व्हेरी लाऊड."

नवऱ्याने एक क्षण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "येस, येस, न्यू बेल्ट." पट्टा नवा नव्हता. त्याने बॉनेट लावलं, पेढ्यांचा डबा उघडला आणि पहिला पेढा त्या शेजाऱ्यांना दिला. लिफ्टमध्ये मुलगी काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला. का दाबला ते सांगता येणार नाही. चारचौघांत नको, असं वाटलं असेल. पण लिफ्टमध्ये आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.

पुढे मी वाचलं की सततच्या गोंगाटाने कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. घुमणारे, जाड आवाज बराच काळ टिकतात. म्हणून त्याला इंजिनाची घरघर कळत होती आणि पट्ट्याची किंकाळी कळत नव्हती. कुकरची शिट्टी कळत नव्हती. मुलीचं फोनवरचं बोलणं कळत नव्हतं, माझं निम्मं कळत होतं. मी वाट पाहिली, तो आपणहून सांगेल म्हणून. तो कशाची वाट पाहत होता देव जाणे. आणि तेवढ्यात परवाना संपत आल्याचं पत्र आलं आणि आम्हाला भांडायला सोयीचा विषय मिळाला.

वादात मी सहसा हरत नाही. बँकेत प्रोजेक्ट सांभाळते, समोरच्याचं म्हणणं एकेक करून खोडून काढायचा मला पगार मिळतो. तो म्हणाला, बॅटरी वाटेत संपली तर? मी म्हटलं, वाट आहे कुठे, या बेटावर सरळ गाडी हाकलली तर तासाभरात समुद्र लागतो. तो म्हणाला, सुट्टीत मलेशियात जातो तेव्हा? मी म्हटलं, शेवटचे कधी गेलो होतो सांग. तो म्हणाला, धूर नाही म्हणतेस, पण ही वीज येते कुठून, ती इथे गॅस जाळूनच करतात ना? हे मात्र मला खोडता येईना. मी म्हटलं, निदान मुलांच्या नाकासमोर तरी जाळत नाहीत. यावर तो वाळलेले कपडे काढायला उठला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

एका संध्याकाळी तो मला ओढून कारपार्कमध्ये घेऊन गेला. चार्जरच्या दोन जागा होत्या आणि दोन्हींवर गाड्या लावलेल्या. एकीचं चार्जिंग केव्हाच पुरं झालं होतं, हिरवा दिवा लुकलुकत होता आणि मालकाचा पत्ता नव्हता. "बघ," तो म्हणाला, "हा माणूस वर घरी बसून जेवतोय. आणि मी इथे रांगेत उभा राहू?" असा काही विजयी चेहरा केला होता त्याने की मला हसू आलं. ते हिरव्या दिव्याचं भांडण आमच्या ब्लॉकच्या ग्रुपवर रोज चालायचं, त्यामुळे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. विजेची गाडी सोयीची आहे असं म्हणणारे बहुतेक कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायट्यांत, राहतात आणि त्यांच्या पार्किंगमध्ये स्वतःची सोय असते, हे मलाही मान्य होतं. मी तोंडाने कबूल केलं नाही एवढंच.

मग पुंगोलला एका मित्राकडे जेवण होतं. आमच्यासारखीच मराठी मंडळी, बहुतेक आयटीतली. यजमानाने विजेची गाडी घेतली होती आणि तो नव्या जावयासारखं तिचं कौतुक करत होता. लगेच दोन तट पडले. एकजण म्हणाला, बॅटरी म्हातारी झाली की जुनी गाडी कुणी हात लावून घेणार नाही. दुसरा म्हणाला, इथे गाडी म्हातारी होऊ देतातच कुठे. नवरा भिंतीला पाठ लावून बसला होता. हल्ली तो असाच बसायचा, सगळ्यांची तोंडं दिसतील असा. लोक हसले की क्षणभराने हसायचा.

यजमान म्हणाला, "बाकी सगळं सोडा. सगळ्यात मोठं सुख म्हणजे आवाजच नाही हो. गाडी चालू आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

हे नवऱ्याला नीट कळलं. यजमान त्याच्या समोरच होता. तो म्हणाला, "आवाज नाही म्हणजे पेशंट बोलतच नाही. मग डॉक्टरने करायचं काय?"

सगळे खो खो हसले, कुणी टाळी दिली. यजमानीणबाई मला म्हणाल्या, "काय बोलतात हो तुमचे मिस्टर!" मी पानातल्या मसालेभातात मान घातली. त्याने सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं होतं आणि ते विनोद म्हणून खपलं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

टेस्ट ड्राइव्हला तो आला तो मुलीने गळ घातली म्हणून. "बाबा, जस्ट ट्राय लाह," असं तिने इथल्या पोरांच्या इंग्रजीत, त्याच्यासमोर उभं राहून, सावकाश म्हटलं. तीही शिकली होती समोर उभं राहायला. शोरूममधला विक्रेता तरुण आणि बोलका होता. तो मागे बसला, मी पुढे नवऱ्याच्या शेजारी. रस्त्यावर नवऱ्याने गाडी चांगली चालवली, पण त्याच्या हातांकडे माझं लक्ष होतं. आमच्या गाडीत त्याचा डावा हात कायम गिअरच्या दांड्यावर असायचा, बोटं पसरून, हलकेच. इथे तो हात दांडा शोधत होता. मग सीटच्या कडेवर गेला, मग दारावर, मग मांडीवर येऊन पडला. मागून विक्रेता बॅटरीची गॅरंटी सांगत होता. नवऱ्याला त्यातलं काही ऐकू येत नसणार, तरी तो मान डोलवत होता.

परत आल्यावर गाडी मागे घेऊन जागेवर लावायची होती. मागे खांब होता. खांब जवळ येऊ लागला तशी गाडी टीं टीं करायला लागली, मग ते टीं टीं एकसलग झालं, इतकं कर्कश की माझे दात शिवशिवले. नवरा शांतपणे मागे घेत राहिला. "सर, सर, स्टॉप!" विक्रेता ओरडला. मी नवऱ्याच्या दंडावर हात मारला तेव्हा ब्रेक लागला. खांबात आणि गाडीत वीतभर जागा राहिली असेल.

तो उतरला. विक्रेत्याला थँक यू म्हणाला, गाडीबद्दल दोन चांगले शब्द बोलला. आमच्या गाडीपाशी आल्यावर त्याने किल्ली माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत त्याने ती कधी अशी दिली नव्हती.

मी गाडी काढली नाही. इंजिन सुरू करून तशीच बसले. त्याने हात उचलून समोरच्या डॅशबोर्डवर ठेवला, पालथा पसरून.

"ही मला अजून कळते," तो म्हणाला. "ऐकू येत नाही फारसं. हाताला कळते, सीटमधून पाठीला कळते. जहाजावरही आता हातानेच चाललंय माझं. आधी सेकंड इंजिनिअरला विचारतो, तुला काय वाटतं. तो सांगतो. मग मी स्क्रूड्रायव्हर लावतो आणि बराच वेळ उभा राहतो. सगळे थांबतात. मग त्याचंच त्याला सांगतो. त्या गाडीत काहीच नाही गं. बसल्यावर वाटलं, संपलोच मी."

माझं मन भरून यायला हवं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिनोन्महिने मी बॅटरीच्या गॅरंट्या पाठ करत बसले होते, आणि हा माणूस एका यंत्राबद्दल बोलत होता. मी जोरात म्हटलं, "गाडी कळते. आणि मी? मी कळते का तुला?"

"तू समोर असलीस की," तो म्हणाला.

मी रडले. तोही रडला, पण त्याचं रडणं म्हणजे खिडकीबाहेर बघणं. मग मी गाडी चालवत घरी आणली आणि वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही. बोलून उपयोगही नव्हता, माझी नजर रस्त्यावर होती.

त्यानंतरच्या आठवड्यात तो कानाच्या तपासणीला यायला तयार झाला. जाताना ट्रेनमध्ये बऱ्या मूडमध्ये होता. म्हणाला, "मळ साठला असेल, नाही तर एखादं मशीन देतील कानात घालायला. हल्ली इतकी बारीक असतात की कुणाला दिसत नाहीत. ऑफिसमध्ये सांगायची गरज पडणार नाही." मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटायला हवं होतं.

तपासणीची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली एक जाड भिंतींची पेटी. तो आत जाऊन बसला. कानांना हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी, असं त्या तपासणाऱ्या बाईंनी त्याला दोनदा समजावलं. मला त्यांनी त्यांच्या मागे बसू दिलं. त्यांच्या यंत्रावर दोन छोटे दिवे होते. त्या आत आवाज सोडत तेव्हा एक लागायचा, त्याने बटण दाबलं की दुसरा.

सुरुवातीला दोन्ही दिवे पाठोपाठ लागत होते. एक, लगेच दुसरा. मला बरं वाटलं. काचेतून तो दिसत होता. मान जराशी खाली, डोळे अर्धवट मिटलेले, अंगठा बटणावर. सगळी शक्ती एकवटून ऐकत होता. मी हा चेहरा जहाजावर कधी पाहिला नव्हता, कारण कामावर बायकांना नेत नाहीत, पण तिथे तो असाच दिसत असणार.

मग दुसरा दिवा लागायचा थांबला.

पहिला लागत होता. बाई आवाज वाढवत होत्या, पुन्हा सोडत होत्या, थोडं थांबून पुन्हा. पहिला लागायचा आणि विझायचा. आतमध्ये तो तसाच बसला होता, अंगठा तयार ठेवून. कंटाळला नाही, हलला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. त्याला वाटत होतं अजून यायचाय. किती वेळ चाललं हे मला सांगता येणार नाही. एकदा मला इतकं असह्य झालं की काचेवर टकटक करून त्याला खूण करावी असं वाटलं, आता, आता दाब. मी हात मांडीखाली घेऊन बसले.

बाईंनी दार उघडलं. तो हेडफोन काढून बाहेर आला आणि माझ्याकडे झुकला. हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं, पण सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मराठीत बोलला तेवढंच बरं.

"मधेच यांचं मशीन बंद पडलं होतं," तो म्हणाला. "बराच वेळ काही आलंच नाही. त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. सांग त्यांना, पुन्हा करावी लागेल टेस्ट."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि माझी खुर्ची त्याच्या पुढ्यात ओढली. त्याला माझं तोंड नीट दिसायला हवं होतं.

"मशीन चालू होतं," मी म्हटलं.

"मधे बंद होतं."

"नाही. मी बघत होते. पूर्ण वेळ चालू होतं."

त्याने त्या यंत्राकडे पाहिलं. इंजिनिअर माणूस. दिवे, खटके, वायरी, सगळं नजरेखालून घातलं, कुठे काही सुटलंय का ते शोधल्यासारखं. बाई कागद छापत होत्या, त्या थांबल्या.

"विजेचीच घेऊ मग," तो शेवटी म्हणाला. "माझ्यासाठी उगाच पेट्रोल कशाला जाळायचं."